परतीची वाट ठाऊक असलेला सेट

हॅम रेडिओचा परवाना हातात आल्याचा फोटो तू पाठवलास आणि त्याच्या मागोमाग पाच सेटची चित्रं. खाली एकच ओळ, ‘आत्या, यातला कुठला घेऊ?’ पाचही महागाचे. मधल्याच्या पैशात एक चांगली स्कूटर येते. तुझी कमाई आहे, खुशाल घे. पण आधी दोन घटका माझं ऐक. मी बँकेत तेहेतीस वर्षं खातेवह्या सांभाळलेली बाई. ओहमचा नियम मला परीक्षेपुरता येत होता आणि सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं की आजही हात थरथरतो. तूही त्यातलीच. संध्याकाळी कामावरून आल्यावर तासभर कुणाशी तरी बोलावं, एखादा लांबचा आवाज पकडावा, एवढीच तुझी हौस. अशा माणसानं सेट कसा निवडायचा, ते तांत्रिक लोक सांगत नाहीत. त्यांना तो प्रश्नच पडत नाही.

माझं काय झालं ते आधी सांगते. परीक्षा दिली निवृत्तीनंतर, २०११ साली. पहिला सेट साधा होता. दोन वर्षांत मला भारीतल्या सेटची हौस आली. एका ओळखीच्या हॅमनं त्याचा विकायला काढला होता, तो घेतला. समोर बटणंच बटणं, आत मेनूची ही लांब यादी. काही महिने बरे गेले. मग एकदा तीन आठवडे मी रोज सकाळी ४० मीटरच्या नेटवर, म्हणजे हॅम मंडळींच्या ठरलेल्या गप्पांच्या बैठकीत, हाक मारत होते आणि उत्तर येत नव्हतं. मला सगळे खणखणीत ऐकू येत होते, मी कुणालाच नाही. वाटलं अँटेना गेली. गच्चीवर माणूस चढवला, केबल बदलली. तरी तेच. शेवटी नेटवरच्या एका जुन्या गृहस्थांनी सहज दुसरीकडे सुई फिरवली आणि मला फोन केला, ‘ताई, तुम्ही आमच्या जागेपेक्षा पाच किलोहर्ट्झ वर बोलताय.’

‘स्प्लिट’ नावाचं बटण कधीतरी अंगठ्यानं दाबलं गेलं होतं. ऐकणं एका जागी, बोलणं दुसऱ्या जागी. लांबच्या दुर्मीळ स्टेशनाला गाठायला ती सोय असते आणि ती चोख काम करत होती. यंत्रात बिघाड काहीच नव्हता. मला त्यातून परत जागेवर येता येत नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून सेट निवडायची माझी एकच कसोटी आहे. तो मला किती लांब नेईल हे मी विचारत नाही. त्यात वाट चुकले तर कुणाला न विचारता घरी परत येता येईल का, हे विचारते. बाकी सगळं याच्या आसपासचं.

आधी गच्ची, मग दुकान

तू सहाव्या मजल्यावर राहतेस. सोसायटीच्या गच्चीवर तार बांधायची परवानगी मिळाली का? नसेल तर सेट घेऊच नकोस. सेक्रेटरींना भेट, परवाना दाखव, तार बारीक असते आणि कुणाच्या वाळवणाच्या आड येणार नाही हे समजावून सांग. लेखी घे.

तारेचा हिशेब सोपा आहे. १४३ला मेगाहर्ट्झनं भागलं की साध्या डायपोलची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण २० मीटर, १४.२ला १० मीटर. गच्चीवर २० मीटर सरळ रेष मिळाली तर ४० मीटरचा बँड तुझा. सकाळ-संध्याकाळ आपल्या देशातली मंडळी तिथंच भेटतात. नाही मिळाली तर टोकं थोडी खाली वाकवली तरी चालतं, किंवा एका टोकातून जोडायची तार लाव. बजेट करताना चांगली केबल, पक्के कनेक्टर, पावसात पाणी शिरू नये म्हणून गुंडाळायची रबरी टेप यांचे पैसे आधी बाजूला काढ. उरतील ते सेटचे.

‘पण सेटमध्ये ट्यूनर आहे’ असं तू म्हणशील. आहे, पण बहुतेक सेटमधला आतला ट्यूनर अँटेनाचा बेमेळ (एसडब्ल्यूआर) तीनास एकपर्यंतच सांभाळून घेतो. अँटेना मुळात बरी असेल तर तो तिला नीटनेटकी करतो, वाईट अँटेनाची चांगली करत नाही. पोळपाट हलत असेल तर लाटणं बदलून पोळी गोल होत नाही, तसंच.

आणि वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर. स्वयंपाक करपला तरी चालेल, हे आधी.

वॅटच्या मोहात पडू नकोस

तुझा परवाना रिस्ट्रिक्टेड, म्हणजे ५० वॅटची मर्यादा. जनरल झालीस की ४००. बाजारातले टेबलावर ठेवायचे बहुतेक सेट १०० वॅटचे असतात, ते तुला निम्म्यावर आणून ठेवावे लागतील. त्यानं हिरमुसू नकोस. एस-मीटरवर एक घर म्हणजे ६ डेसिबल. शंभराचे पन्नास केले की ३ डेसिबल उतरतात, म्हणजे समोरच्याकडे काटा जेमतेम अर्ध्या घरानं खाली येतो. त्याला तो फरक कळतही नाही. पन्नासाचे दहा केलेस तरी घर-सव्वा घरच जातं. म्हणून १०० वॅटचा सेट आणि २०० वॅटचा सेट यांत अडकलेल्या माणसाचे पैसे वाया जातात, आणि तार दोन मीटर उंच नेणारा फुकटात जिंकतो. पहिल्या दिवशी पॉवर पन्नासावर लाव आणि ते कसं लावलंस ते लिहून ठेव. कुठे लिहायचं ते पुढे सांगते.

तक्त्यातला पहिला नंबर आपला नव्हे

तू पाठवलेल्या चित्रांबरोबर एक तक्ताही होता, रिसीव्हरच्या क्रमवारीचा. रॉब शेरवूड नावाचे अमेरिकन हॅम वर्षानुवर्षं सेट मोजून तो तक्ता करतात. चोख काम आहे. पण तो कशावर रचलाय ते बघ. दोन किलोहर्ट्झवर दुसरं ताकदवान स्टेशन बोलत असताना तुमचा सेट कमकुवत आवाज किती सांभाळतो, त्यावर. स्पर्धेच्या शनिवार-रविवारी, बँड खचाखच भरलेला असताना, मोर्सवाल्यांना हा फरक सोन्यासारखा असतो. तुला मंगळवारी संध्याकाळी तो जाणवणारही नाही.

तुला जाणवेल तो गोंगाट. शहरात एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, शेजारच्या छतावरचं सोलर, लिफ्टची मोटर, सगळे मिळून खर्रर्र करत असतात. काटा आधीच एस-सातवर बसलेला असेल तर त्याखालचं कुजबुजणं जगातला कुठलाही रिसीव्हर वर काढू शकत नाही. म्हणून दुकानात जायच्या आधी एक काम कर. घरातला जुना, सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घे, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधे लाव आणि घरभर फिर. कुठे खरखर वाढते ते बघ. एकेक चार्जर काढ. शेवटी घराचा मेन स्विच पाडून बघ. माझ्याकडे सगळ्यात मोठा गुन्हेगार निघाला देवघरातली दिव्यांची माळ. ती काढली आणि मला जणू नवा सेट मिळाला.

मग सेटमध्ये काय बघायचं? गोंगाट कमी करणाऱ्या सोयी. ‘नॉइज ब्लँकर’ टकटकणाऱ्या आवाजावर, ‘नॉइज रिडक्शन’ सतत चालणाऱ्या सरसरीवर, आणि ‘नॉच’ शिट्टीसारख्या एका सुरावर. या तिन्ही सोयी आज बहुतेक चांगल्या सेटमध्ये असतात. फरक असतो तो आवाज किती घशात गेल्यासारखा होतो त्यात. तो कानानंच कळतो, कागदावर नाही. अर्धा तास ऐकून डोकं दुखलं तर तो सेट सोडून दे.

पाच गोष्टी बोटांखाली

रोजच्या बोलण्यात हात कुठे कुठे जातो, ते मी महिनाभर मोजलं होतं. फ्रिक्वेन्सीची चकती, आवाज, आरएफ गेन, फिल्टरची रुंदी आणि गोंगाट कमी करायचं बटण. झालं. या पाचांना स्वतंत्र चकती किंवा बटण हवं. मेनूत शिरून, बोटानं पडदा सरकवून, ‘पुढे’ दाबून मिळणार असतील तर तो सेट तुझा नव्हे, मग तो कितीही हुशार असो.

यातला आरएफ गेन लोक विसरतात. संध्याकाळी ४० मीटरवर मोठमोठी स्टेशनं उसळलेली असतात. तेव्हा प्रीअँप बंद करायचा आणि आरएफ गेन थोडा मागे घ्यायचा. आवाज एकदम मोकळा होतो. वरणाला उकळी आली की गॅस बारीक करतो ना, तसं.

आता दुकानातली माझी परीक्षा. विकणाऱ्याला म्हणायचं, ‘दादा, मी दोन मिनिटं बाहेर उभी राहते. तुम्ही सेट हवा तसा बिघडवून ठेवा.’ तो स्प्लिट लावेल, ४० मीटरवर यूएसबी लावेल, म्हणजे वरची बाजू (वायरची नव्हे, १० मेगाहर्ट्झच्या खाली आपण एलएसबीवर, खालच्या बाजूवर, बोलतो), फिल्टर अरुंद करेल, आरएफ गेन शून्यावर आणेल. मग आत जाऊन तो जागेवर आणायचा. पुस्तक न उघडता, पाच मिनिटांत. सेट नवा असेल तर आधी एकदा दाखवून घे, लाज नको. जमलं नाही तर तुझा दोष नाही. ज्या सेटवर काय चालू आहे ते एका नजरेत दिसत नाही, तो आपल्यासारख्यांनी घरी आणू नये.

रंगीत पडद्याचं खरं काम

आजकालच्या बऱ्याच सेटमध्ये अँटेनातून आलेली लहर जवळजवळ दारातच आकड्यांत बदलतात. आयकॉमचा आयसी-७३०० हा २०१६ साली अशा सेटना सामान्य हॅमच्या टेबलावर घेऊन आला. त्यामुळे बँडचं चित्र पडद्यावर दिसतं; निळ्या पाण्यावर उजळ रेघा उतरत जातात, प्रत्येक रेघ म्हणजे कुणीतरी बोलतंय. आमच्या वेळी चकती फिरवत फिरवत बँड रिकामा आहे असं समजून आम्ही सेट बंद करायचो. पडदा असला की कोपऱ्यातला एकटा आवाज दिसतो आणि बोट ठेवलं की तिथं पोचता येतं. आपल्यासारख्यांना याचा उपयोग तंत्रज्ञांपेक्षा जास्त. ही चैन नव्हे. पैसे असतील तर घे.

आता तुझ्या पाच चित्रांविषयी. ७३००मध्ये एचएफ आणि ५० मेगाहर्ट्झ आहे, ट्यूनर आत आहे, पण दोन मीटरचा बँड नाही. गावातल्या रिपीटरवर बोलायला वेगळा हँडसेट लागेल. याएसूचा एफटी-९९१ए एकाच पेटीत एचएफपासून ७० सेंटिमीटरपर्यंत सगळं देतो. जागा कमी असलेल्याला बरा. त्यांचाच एफटी-८९१ गाडीत बसेल एवढा छोटा, शंभर वॅटचा, पण ट्यूनर आत नाही आणि बरीच कामं मेनूत. केनवूडच्या टीएस-५९०एसजीला पडद्यावरचं ते चित्र नाही, पण बटणं आणि चकत्या भरपूर. हाताला सवय लागणाऱ्याचं यंत्र. आणि आयसी-७६१० तू यादीत का घातलास? त्यात दोन रिसीव्हर आहेत, एकाच वेळी दोन ठिकाणी ऐकायला. तुला एका वेळी एका माणसाचं नीट ऐकायला जमू दे आधी.

कुणी म्हणेल, सेट स्वतःच जोड. हैदराबादच्या अशर फरहान यांचे बिटएक्स जगभर लोक घरी बांधतात आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे. ज्याला उघडून बघायची खाज आहे त्यानं जरूर घ्यावा. आपल्याला झाकण बंद असलेलं बरं.

कॉम्प्युटरवरून एफटी-८ करायचं असेल तर सेटला यूएसबीची जागा आणि आतच साउंड कार्ड आहे का बघ. एका वायरीत काम होतं. ही पद्धत २०१७ साली आली, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांनी स्टीव्ह फ्रँक यांच्याबरोबर केलेली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीनं निरोप जातात आणि कानाला ऐकूही न येणारे संकेत वाचता येतात. तुझ्या परवान्यात कुठल्या पद्धती बसतात ते मात्र आधी वाच.

जवळच्या माणसाकडे आहे तोच घे

हा माझा सगळ्यात किमती कानमंत्र आणि कुठल्याही तक्त्यात तो नाही. तुझ्या नेटवर नियमित येणारा, शांतपणे समजावून सांगणारा एक माणूस शोध आणि त्याच्याकडे जो सेट आहे तोच घे. दुसरा सेट चार आणे चांगला असला तरी. रात्री नऊला तुझा मायक्रोफोन एकाएकी मुका झाला, तर तो आपल्या टेबलावर बसून फोनवर सांगेल, ‘डावीकडचं तिसरं बटण, जरा धरून ठेव.’ शिलाई मशीन घेताना आई हेच करायची. शेजारच्या काकूंकडे जी कंपनी, तीच आपल्याकडे. बॉबिन अडकली की काकू होत्याच.

आणि तो माणूस नेटवर नसताना? म्हणून वही. शंभर पानी, साधी. पहिल्या पानावर ‘घर’ असं शीर्षक घाल आणि खाली लिही: ४० मीटर, एलएसबी, फिल्टर २.४, स्प्लिट बंद, प्रीअँप बंद, आरएफ गेन पूर्ण, पॉवर ५०. हे तुझं घर. काहीही बिघडलं की पुस्तक काढायचं नाही, या पानावर परत यायचं. ज्या सेटला मेमरी कार्ड लागतं त्यात सगळ्या सेटिंग्ज साठवूनही ठेवता येतात. साठव. पण वही हवीच. कार्ड कुठल्या मेनूतून वाचायचं ते विसरलीस तर?

वीज गेल्यावर

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या सांगली शहरात शिरली. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. आम्ही वरच्या मजल्यावर, वीज नाही, मोबाइल कधी लागतो कधी नाही. कपाटात सेट, गच्चीवर अँटेना शाबूत, खाली इन्व्हर्टरची बॅटरी पाण्यात. वर गाडीची एक जुनी बॅटरी होती. पण सेटला तिच्याशी जोडायची वायर मी कधी करूनच ठेवली नव्हती. दोन दिवस मी त्या सेटकडे नुसती बघत बसले.

म्हणून सांगते. हे सेट १३.८ व्होल्टवर चालतात. घरात ३० अँपिअरचा पॉवर सप्लाय घे, कारण शंभर वॅटवर बोलताना यंत्र वीस-बावीस अँपिअर ओढतं. नुसतं ऐकताना साधारण एकच. त्याच वेळी बॅटरीला जोडायची फ्यूज असलेली वायर करून घे आणि वर्षातून दोनदा मुद्दाम तिच्यावर सेट चालव. पॉवर सप्लायही दुकानात सेटला जोडूनच ऐक. स्वस्तातले काही स्वतःच खरखर करतात.

२००४च्या डिसेंबरमध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती पोर्ट ब्लेअरला हौसेपोटीच गेले होते, अंदमानातून जगभरच्या हॅमशी बोलायला. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच हौसेच्या सेटवरून माणसांच्या खुशालीचे निरोप गेले. त्यांना त्या दिवशी पुस्तक उघडून बघावं लागलं असतं तर?

जुना घेत असशील तर

जुन्यात वाईट काही नाही, माझे दोन सेट जुनेच. पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन बघ. डमी लोडला (अँटेनाऐवजी लावायच्या भाराला) जोडून प्रत्येक बँडवर पॉवर निघते का, पंखा खरवडतो का, पडद्यावर डाग आहेत का, पाठीमागच्या कनेक्टरला गंज आहे का. कोकणातून आलेला असेल तर हे जास्तच. स्क्रू घासलेले दिसले तर कुणी आणि कशासाठी उघडला ते विचार. कागद मात्र पक्के हवेत. पावती, त्याचा परवाना आणि सेट बाहेरून आणलेला असेल तर आणण्याची परवानगी. परवानाधारकानं परवानाधारकालाच विकायचा असतो. कागद ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याला ‘पैसेही नंतर’ म्हणायचं. बँकेत मी हेच शिकले.

घाई करू नकोस. या रविवारी गाडी पकड आणि सांगलीला ये. माझ्या सेटसमोर तुला बसवते आणि मी बाहेर जाऊन चहा टाकते. त्याआधी सगळं बिघडवून ठेवीन, स्प्लिटसकट. चहा होईपर्यंत नेटवर तुझी हाक ऐकू आली, तर संध्याकाळी यादीवर बोलू.